शाळेच्या वाटेवर – भाग ७ : मागच्या सीटवरचा टोलनाका

चौथीतल्या एका मुलाची भूक जुलै महिन्यात अचानक वाढली. एरवी निम्मी पोळी-भाजी परत आणणारा हा गडी आईकडे एकाऐवजी तीन लाडू मागायला लागला. डबा रोज चाटूनपुसून रिकामा. आई खूश. एकच गोष्ट तिला उमगत नव्हती : इतकं खाऊन हा घरी आल्यावर दप्तर न उतरवताच स्वयंपाकघरात कसा शिरतो आणि उभ्या उभ्या दोन पोळ्या कशा संपवतो?

त्या वर्षी मी गणित शिकवत होतो आणि शाळेच्या बसगाड्याही माझ्याकडे होत्या. (शाळेचं नाव नको. पुण्यातली, सिंहगड रस्त्याकडून मुलं येतात अशी, एवढं पुरे.) बस सांभाळणं हे काम शाळेत ज्याला नाही म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं. कोविडनंतर शाळा पुन्हा भरायला लागल्यानंतरचा पहिला पावसाळा, रस्त्यात उड्डाणपुलाचं काम, त्यामुळे पाऊण तासाच्या फेरीला सव्वा तास. ती आई मला भेटली ती बसच्या उशिराची तक्रार घेऊन. बोलता बोलता लाडवांचा विषय निघाला आणि मला उगाचच खटकलं.

लाडू टोल म्हणून जात होते. शब्द त्या मुलांचाच. आठवी-नववीतली चार मुलं सकाळी पहिल्या थांब्यावर चढायची, दुसऱ्या थांब्यावर हा. तिसरा थांबा यायला पंधरा-वीस मिनिटं. दुपारी परतताना नेमकं उलटं : सगळी मुलं उतरून जायची आणि शेवटी राहायचे ते चौघं आणि हा. मधल्या वाटेत पाय आडवे टाकायचे, ‘टोल भर’ म्हणायचं. सकाळी डबा उघडायचा, दुपारी कंपासपेटी. खोडरबर, टोककाढणं, एकदा नवंकोरं कर्कटक. द्यायला काहीच नसलं की त्याचा एक बूट खिडकीबाहेर धरला जायचा. बूट पडला कधीच नाही, पण पडेल या भीतीत तो थांबा येईपर्यंत बसून असायचा. जादा लाडू ही त्याची स्वतःची युक्ती होती : दोन गेले तरी एक आपल्याला उरेल.

हे कळल्यावर मी पहिली चूक केली. दोन दिवस त्या बसने गेलो. चौघंही गरीब गाय. एकाने तर मला बसायला जागा दिली. मोठं माणूस दिसलं की दादागिरी तेवढ्यापुरती गुंडाळून दप्तरात जाते, हे वर्गात वीस वर्षं काढलेल्या माणसाला कळायला हवं होतं.

मस्करी कुठे संपते आणि छळ कुठे सुरू होतो, हा प्रश्न प्रत्येक पालकसभेत येतो. ‘मुलं आहेत, चालायचंच’ म्हणणाऱ्यांचा आवाजही तिथे मोठा असतो. या विषयाचा शास्त्रीय अभ्यास १९७० च्या दशकात स्कँडिनेव्हियात सुरू झाला, तो डान ओल्वेउस या मानसशास्त्रज्ञामुळे. १९८२ च्या अखेरीस उत्तर नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्या. सोबत्यांचा छळ हे त्यामागचं कारण असावं असं पुढे आल्यावर तिथल्या सरकारने देशभर मोहीम उघडली आणि ओल्वेउस यांचं काम जगासमोर आलं. त्यांनी तीन खुणा सांगितल्या : त्रास मुद्दाम दिलेला असतो, पुन्हा पुन्हा दिला जातो आणि देणारा व सोसणारा यांच्या ताकदीत फरक असतो. हा फरक वयाचा, अंगापिंडाचा असेल किंवा चार विरुद्ध एक असा नुसता संख्येचाही. मी याला घरगुती कसोटी जोडतो. मस्करीत पाळी बदलते. आज तू, उद्या मी. रोज एकाच्याच वाट्याला येते तेव्हा मस्करीची कुस्करी होऊन गेलेली असते.

आणि बसमध्येच हे इतकं का फोफावतं? शाळेत पहिलीचं मूल आणि दहावीचं मूल एका खोलीत कधीच तासभर बसत नाहीत. बसमध्ये रोज बसतात, तेही शिक्षकाविना. वर्गातून उठून जाता येतं, मैदानावर दुसऱ्या कोपऱ्यात पळता येतं. धावत्या बसमधून कुठे जाणार? सीटच्या पाठी उंच असतात. ड्रायव्हरकाकांच्या आरशात डोकी दिसतात, हात दिसत नाहीत. शिवाय काकांनी रस्त्याकडे बघावं हेच बरं. सगळ्यात महत्त्वाचं, बस थांब्याथांब्याला रिकामी होते, म्हणजे साक्षीदार एकेक करून उतरून जातात. आपल्या मुलाचा थांबा कितवा, त्याच्यानंतर कोण उतरतं आणि त्याच्याआधी कोण चढतं, हे किती पालकांना सांगता येईल?

म्हणून ‘बसमध्ये कोणी त्रास देतं का?’ असं विचारू नये. त्याचं उत्तर ‘नाही’ असंच येतं. आज कुठे बसलास, शेजारी कोण होतं, शेवटी बसमध्ये कोण कोण उरलं, असं विचारावं, आणि तेही जेवताना, सहज. बाकी खुणा घरात सांडलेल्या असतात. पाण्याची बाटली तिसऱ्यांदा हरवते. रविवारी संध्याकाळी पोट दुखतं आणि शनिवारी कधीच दुखत नाही. वर्षभर न लागलेली बस एकाएकी ‘लागायला’ लागते. ‘बाबा, आज तुम्हीच सोडा ना’ हा लाड वाटतो. यातली एखादी गोष्ट एकटी असली तर काही नसतंही. दोन-तीन एकत्र आल्या की कान टवकारावेत.

आपल्याकडे यावर जो सल्ला सर्रास दिला जातो तो म्हणजे ‘एक ठेवून दे, पुन्हा वाटेला जाणार नाही.’ आमच्या या मुलाला वडिलांनी हाच दिला होता. चौथीतल्या मुलाने आठवी-नववीतल्या चौघांना काय ठेवून द्यायचं? झालं इतकंच की त्याने घरी सांगणं बंद केलं. छळ होताच, त्यात आपण भित्रे ठरल्याची लाज मिळाली. थांब्यावर जाऊन दुसऱ्याच्या पोराला दम देणं हाही तसाच उपाय. दम देऊन बाबा ऑफिसला जातात, बसमध्ये मूलच चढतं. पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्या मुलाचं नाव टाकणं तर मुळीच नको. तासाभरात दोन तट पडतात आणि मूळ गोष्ट बाजूला राहते.

लेखी द्यावं. तारीख, बसचा मार्ग, कुठल्या थांब्यांच्या दरम्यान, काय झालं. अर्ज मुख्याध्यापकांच्या नावे. ठेकेदाराचा नंबर देऊन शाळा हात झटकत असेल तर महाराष्ट्राचे २०११ चे स्कूलबस नियम आठवावेत. त्यांनुसार प्रत्येक शाळेत परिवहन समिती असावी लागते, मुख्याध्यापक तिचे अध्यक्ष असतात, पालकांचा प्रतिनिधी तिच्यात असतो. बसमध्ये मदतनीस असलाच पाहिजे आणि मुली असतील तर ती महिला. सीबीएसईच्या शाळांना २०१५ च्या परिपत्रकाने छळविरोधी समितीही नेमायला सांगितलं आहे. प्रकार अंगचटीला जाण्याचा, कपड्यांशी खेळण्याचा, तसले व्हिडिओ काढण्याचा असेल तर ती खोडी राहत नाही. पॉक्सो कायद्याखाली तो पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, शाळेलाही. १०९८ हा चाइल्ड हेल्पलाइनचा क्रमांक मुलांनाही पाठ असू द्या.

नियमातल्या मदतनीस या शब्दाबद्दल मात्र मला जास्त बोलावंसं वाटतं. मुलांच्या तोंडी त्या ‘ताई’ किंवा ‘मावशी’. आमच्या बसच्या ताईंना सगळं ठाऊक होतं. मी विचारलं तेव्हा त्या पदराशी चाळा करत म्हणाल्या, “सर, एकदा बोलले मी. तर तो म्हणाला, तू कोण? आमच्या फीमधून पगार मिळतो तुला.” हे वाक्य नववीतलं पोर कुठून शिकलं असेल, याचा विचार आपण आपापल्या घरी करावा.

२०१२ मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या ग्रीस नावाच्या गावी स्कूलबसमधल्या ६८ वर्षांच्या मदतनीस बाईंना सातवीतल्या मुलांनी टोचून टोचून रडवलं. त्याचा व्हिडिओ जगभर फिरला. लोकांनी त्यांच्यासाठी सात लाख डॉलरच्या वर रक्कम जमवली, मुलांना वर्षभरासाठी शाळेतून निलंबित केलं. लोक मुलांच्या उद्धटपणावर बोलत राहिले. मला त्या बाईंचा हतबलपणा दिसत राहिला. बसमधल्या मोठ्या माणसालाच किंमत नसेल तर चौथीतलं मूल कुणाच्या आडोशाला जाणार? आपण बसमध्ये जीपीएस बसवतो, कॅमेरे बसवतो आणि एकुलत्या एका जिवंत डोळ्यांना दारापाशी, मुलांकडे पाठ करून बसवतो.

आम्ही केलं ते फार थोडं. ताईंची जागा दारापासून हलवून मागून तिसऱ्या रांगेत नेली. थांबा आला की उठायचं, एरवी तिथेच. प्रत्येकाची सीट ठरवून दिली. मुख्याध्यापिका एका सकाळी बसमध्ये चढल्या आणि सगळ्यांसमोर म्हणाल्या, “बसमध्ये ताई सांगतील तो माझा शब्द.” चौघांच्या पालकांना एकेकटं बोलावलं, एकत्र नाही. एकत्र आले की ते आपापल्या मुलाचे वकील होतात. त्या चौघांचं पुढे काय करायचं, शिक्षा की आणखी काही, हा विषय मोठा आहे. तो पुढच्या आठवड्यात.

आणि ताईंना एक वही दिली. रोज दोन ओळी लिहायच्या, रोज मी वाचून सही करायची. पहिले पाच दिवस ‘सर्व ठीक’. त्यांना वाटत होतं, लिहिलं तर ठेकेदार कामावरून काढेल, आणि ती भीती खोटी नव्हती. मी ठेकेदाराशी बोललो, जरा चढ्या आवाजातच. सहाव्या दिवशी वहीत आलं : ‘आज पाय आडवा टाकला. मी उठले. पाय काढला.’

तीन आठवड्यांनी ती आई पुन्हा भेटली, या वेळीही तक्रार घेऊनच. डब्यातून अर्धी पोळी आणि अख्खा लाडू परत येतोय म्हणाली. “सर, याचं खाणं परत कमी झालंय हो.”