ओहोटीची वाट

विश्रांती हा शब्द आपल्याकडे थोडा ओशाळूनच उच्चारला जातो. काम म्हणजे पुण्य आणि स्वस्थ बसणे म्हणजे आळस, अशी आपली सर्वसाधारण समजूत आहे. आम्हीही तिच्यातून सुटलो नव्हतो. कामगारांच्या रजेसाठी आम्ही मालकांशी वर्षानुवर्षे भांडलो. स्वतः मात्र कधी रजा घेतली नाही, आणि त्याचा अभिमानही बाळगला. तो अभिमान हरिहरेश्वरच्या समुद्राने उतरवला.

रायगड जिल्ह्यात श्रीवर्धनजवळ हे क्षेत्र आहे. येथील प्रदक्षिणा देवळापुरती नाही, ती डोंगराला घालायची असते. पायऱ्या चढून गेले की कड्यांच्या फटीतून वाट एकदम समुद्राशी उतरते आणि लाटांनी जाळीसारख्या कोरलेल्या खडकांवरून पुढे जाते. ही वाट ओहोटीलाच मोकळी होते. भरतीच्या वेळी तेथे उतरणे जिवावर बेतते.

युनियनच्या काही सोबत्यांसह आम्ही सकाळी पोचलो तेव्हा भरती चढत होती. दुपार टळेपर्यंत थांबा, असे देवळात सांगण्यात आले. आम्ही चिडलो. परतीच्या एसटीचा हिशेब करू लागलो. अर्ज, मोर्चा, वाटाघाट यांपैकी काहीही येथे चालण्यासारखे नव्हते.

सोबत्यांत एक यंत्रमागावरचा कामगार होता. त्याला मजुरी मिळते ती मीटरवर. तो पाण्याकडे बराच वेळ पाहत बसला आणि म्हणाला, "भाऊ, माग थांबला की आमची मजुरी बुडते. हा मागं सरतो, तर ह्याचं काय बुडतं?"

प्रश्न साधा, पण आम्हाला उत्तर सुचेना. भरतीओहोटी चंद्रसूर्यांच्या आकर्षणाने होते, हे आपण शाळेत शिकतो. पृथ्वी स्वतःभोवती फिरते तोवर चंद्रही पुढे सरकलेला असतो. म्हणून किनाऱ्यावरची एखादी जागा पुन्हा त्याच्यासमोर यायला सुमारे २४ तास ५० मिनिटे लागतात. तेवढ्या अवधीत आपल्या किनाऱ्यावर दोन भरत्या आणि दोन ओहोट्या होतात. भरती पुरी उतरायला साधारण सव्वासहा तास जातात. येथून सरलेले पाणी नाहीसे होत नाही. ओहोटी हा भरतीचा खाडा नव्हे, तिचाच अर्धा भाग आहे. आणि ज्या वाटेने देवाची प्रदक्षिणा घडते, ती वाट या अर्ध्यातच उघडी पडते.

माणसाचेही असेच असावे. गीतेच्या सहाव्या अध्यायात योग कोणाला साधतो हे सांगताना आहार, कर्म, झोप आणि जागेपण ही सारी बेताची असावीत असे म्हटले आहे. म्हणजे विसावा साधनेच्या बाहेरचा नाही, तिच्यातलाच आहे.

पण श्रोतेहो, ज्याला थांबण्याची मुभाच नाही त्याला हे अध्यात्म सांगणे ही थट्टा होईल. मुंबईच्या गिरण्यांत साप्ताहिक सुट्टी सहजासहजी आली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी कामगारांना संघटित करून ती मागणी वर्षानुवर्षे लावून धरली, तेव्हा १० जून १८९० रोजी रविवारची सुट्टी मान्य झाली. १९२१ साली आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने आठवड्यातून सलग २४ तास विश्रांतीचे तत्त्व स्वीकारले. आपल्या १९४८ च्या कारखाना कायद्याने दर २० दिवसांच्या कामामागे १ दिवस पगारी रजा दिली. मीटरवर मजुरी घेणाऱ्याच्या पदरात यातले फार थोडे पडते. त्याचा विसावा आजही त्याच्याच खिशातून जातो.

तेव्हा कामे दोन आहेत. विसावा मिळवून द्यायचा, आणि मिळालेला सत्कारणी लावायचा. पहिले आम्ही थोडेबहुत केले होते. दुसरे शिकलोच नव्हतो. मिळालेली सुट्टी आपण धावपळीत घालवतो, सहलीचीही हजेरी भरतो, आणि थकून परततो.

त्या दिवशी दुपारनंतर खडक उघडे पडले. आम्ही सारे एकामागून एक उतरलो. कोणी घाई केली नाही. परतीची एसटी चुकली होती आणि तिची आठवणही कोणाला राहिली नव्हती. त्या मागवाल्याचा एक दिवसाचा रोज मात्र बुडालाच होता. तो बुडू नये, हे मागणे घेऊन आम्ही परतलो. आणि स्वतःच्या रजेचा पहिला अर्जही त्याच आठवड्यात लिहिला.