‘आता नियमित लिहीन’

मराठीत स्वतःची साइट काढून लिहिणाऱ्यांची जी पानं बंद पडली आहेत, त्यांवरची शेवटची नोंद बघावी. ‘बऱ्याच दिवसांनी लिहितोय, आता मात्र नियमित लिहीन’ अशा अर्थाचं काहीतरी तिथं असतं, आणि खाली तारीख असते कधीकाळची. पहिल्या महिन्यात आठ लेख, दुसऱ्यात तीन, मग गणपतीत एक, दिवाळीत एक आणि शेवटी हे वचन. नव्याचे नऊ दिवस म्हणून सोडून द्यावं तर त्या आठांतले दोन लेख खरोखर चांगले असतात. म्हणूनच वाईट वाटतं.

लिहिणारा थांबला की ‘सुचत नाही’ म्हणतो. माझा त्यावर फारसा विश्वास नाही. एक तर तो घरात बसून स्वतःच्या डोक्यातलंच उपसत राहतो आणि साठा संपतो. नाहीतर आपलं लिहिणं कुणी शेवटपर्यंत वाचत नाही, हे त्याला हळूहळू कळत जातं आणि उमेद जाते. या दुसऱ्या गोष्टीचा दोष आपण लगेच मजकुरावर टाकतो. कितीदा तरी तो मजकुराचा नसतो, पानाचा असतो.

आधी साठ्याचं बघू. हरिभाऊ आपट्यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक काढलं आणि ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी त्यात क्रमशः छापली. अंक आठवड्याचा, त्यामुळे नायिका यमूची पुढची हकिकत वेळेवर हवीच. स्फूर्तीची वाट बघत बसण्याची सोय नव्हती. आज स्वतःच्या साइटवर लिहिणाऱ्याला संपादक नाही, छापखान्याचा तगादा नाही. हे स्वातंत्र्य म्हणून गोड वाटतं, पण लेखन बुडतं ते याच स्वातंत्र्यात. तेव्हा वार ठरवावा. आठवड्याचा जमत नसेल तर महिन्याचा ठरवावा, पण ठरवावा आणि पानाच्या माथ्यावर लिहून टाकावा, म्हणजे वाचकही तगादा लावू शकतो.

नुसता वार ठरवला की मात्र माणूस पाट्या टाकायला लागतो. त्यावर उपाय एकच, बाहेर पडणं. अनिल अवचटांचं पहिलं पुस्तक बिहारमधल्या पूर्णिया जिल्ह्यावरचं. पुढे हमाल, निपाणीच्या तंबाखू वखारींत राबणाऱ्या बाया अशा लोकांत जाऊन, त्यांच्याशी बोलून ते लिहीत राहिले. त्यातलं बरंचसं आधी मासिकांतून आणि दिवाळी अंकांतूनच आलं. वाक्यं छोटी, शब्द साधे, आणि विषयांची टंचाई कधी नाही. दुर्गा भागवतांच्या ‘ऋतुचक्रा’त तर दूर जाणंही नाही. चैत्रापासून फाल्गुनापर्यंतचे बारा महिने, सगळ्यांच्या डोळ्यांसमोरची झाडं आणि सगळ्यांवर पडणारा पाऊस. फरक बघण्याचा.

माझं मत विचाराल तर नव्यानं लिहिणाऱ्यानं ‘माझे विचार’ हा विषय पहिलं वर्षभर तरी बाजूला ठेवावा. सांगलीत राहत असाल तर हळदीचे सौदे कसे होतात ते लिहा. वेंगुर्ल्यात असाल तर काजूच्या कारखान्यात बी भाजण्यापासून गराची प्रतवारी होईपर्यंत काय काय होतं ते लिहा. सोलापूरकरांच्या दाराशी चादरींचे माग आहेत. अमेरिकेत किंवा दुबईत असाल तर तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीची मूर्ती कुठून येते, विसर्जन कुठं होतं, हे इथल्या माणसाला ठाऊक नाही. अशा विषयात एक लेख लिहिला की पुढचे चार स्वतःहून दारात येतात, कारण बोलताना समोरचा माणूस कुणा तिसऱ्याचं नाव सांगतोच.

आणि टिपण त्याच दिवशी करावं. मारुती चितमपल्लींनी वनखात्यातल्या नोकरीत जंगलातल्या नोंदी ठेवल्या आणि आदिवासींच्या तोंडची पक्ष्यांची, झाडांची नावं गोळा केली. पुढची पुस्तकं आणि ‘पक्षिकोश’ त्या साठ्यावर उभे राहिले. टिपणात भाव, माप, हत्याराचं नाव, बोलणाऱ्याचा नेमका शब्द एवढं पकडावं. ‘खूप छान अनुभव’ असं लिहिलेलं टिपण दोन महिन्यांनी काही कामाचं नसतं.

आता पानाकडे येतो. माझ्या मते मराठी लिहिणारे इथंच जास्त हलगर्जी करतात.

पूर्वीच्या माणसांनी ती केली नव्हती. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत निर्णयसागर छापखाना काढला तेव्हा आधी टाइपाचाच ध्यास घेतला. राणोजी रावजी आरू यांनी घडवलेल्या अक्षरांमुळे निर्णयसागरचं नाव देशभर झालं. किर्लोस्करवाडीहून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू करणारे शंकरराव किर्लोस्कर मुळात चित्रकला शिकलेले. मासिकाचं पान डोळ्याला कसं दिसतं, हे त्यांना मजकुराइतकंच महत्त्वाचं वाटे.

पडद्यावर मराठी आलं ते मात्र फार ओढग्रस्तीतून. सुरुवातीला प्रत्येक वर्तमानपत्राच्या साइटचा फाँट वेगळा. तो उतरवून घेतला नाही तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसायचा, आणि शोधयंत्राला तो कचराच वाचता यायचा. १९९१च्या युनिकोड या संकेतप्रणालीत देवनागरीला स्वतःचे संकेतांक मिळाले. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी घडवलेला ‘मंगल’ फाँट विंडोज २००० बरोबर घराघरांत आला, आणि फाँट न उतरवता मराठी दिसायला लागलं. आज तर चंगळ आहे. मुंबईच्या एक टाइपचा ‘मुक्त’ फुकट मिळतो, राज्य मराठी विकास संस्थेचा ‘यशोमुद्रा’ आहे, गुगलचा ‘नोटो’ आहे, आणि ‘टिरो’ मालिकेत तर मराठीसाठी वेगळा देवनागरी फाँट केलेला आहे. तरीही कित्येक साइटी वाचवत नाहीत, कारण त्यांचे तयार साचे इंग्रजीसाठी बेतलेले असतात आणि आपण त्यात मराठी ओततो.

‘मूर्तींवर’ हा एक शब्द घ्या. खाली ऊकार, वर वेलांटी, रफार आणि अनुस्वार, ही तिन्ही एकाच अक्षराच्या डोक्यावर. इंग्रजी साच्यातलं दोन ओळींमधलं अंतर साधारण अक्षराच्या मापाच्या सव्वापट ते दीडपट असतं. तेवढ्या जागेत या शब्दाचा ऊकार खालच्या ओळीच्या मात्रेला जाऊन भिडतो. अंतर पावणेदोन पटीच्या आसपास नेलं की तोच परिच्छेद मोकळा होतो. अक्षराच्या आकाराचंही तेच. ब्राउझरचं ठरलेलं माप १६ पिक्सेल. देवनागरीत त्याच मापात वरची-खालची चिन्हंही मावायची असल्यामुळे मूळ अक्षर बारीक पडतं. मराठी मजकुराला १८ ते २० लावावं. साठीतल्या वाचकाला त्यानंतर पान बोटांनी ताणावं लागत नाही.

दुसरी खोड म्हणजे दोन्ही कडा सरळ रेषेत आणण्याची. छापील पुस्तकात ते शोभतं. फोनवर एका ओळीत पाच-सहा शब्द मावतात, आणि आपले शब्द प्रत्यय लावून लांबत जातात: ‘शेतकऱ्यांसाठीसुद्धा’, ‘महाराष्ट्राबाहेरच्यांनाही’. असा शब्द ओळीत मावला नाही की अख्खा खाली जातो आणि वरच्या ओळीत उरलेल्या चार शब्दांमध्ये भगदाडं पडतात. डावी कड सरळ ठेवावी, उजवी जशी येईल तशी येऊ द्यावी. शीर्षकात अक्षरांमध्ये अंतर सोडण्याची इंग्रजी हौसही टाळावी. त्यानं शिरोरेषा तुटते आणि शब्दाचे तुकडे होतात. तिरपं अक्षर तर आपल्या लिपीच्या वळणातच नाही. जोर द्यायचा तर ठळक करा किंवा अवतरणात घाला.

राखाडी अक्षरांची टूम कुणी आणली कोण जाणे. वेब सर्वांना वापरता यावं म्हणून जी आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वं आहेत, ती साध्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर किमान ४.५ ला १ मागतात. पांढऱ्यावरचा फिकट राखाडी त्यात सरळ नापास होतो. देवनागरीच्या बारीक रेघा उन्हात, एसटीच्या खिडकीशी तर दिसतच नाहीत.

आणखी एक बारकावा, जो फार थोड्यांना माहीत असतो. महाराष्ट्र शासनाच्या २००९च्या निर्णयानं मराठीसाठी पाकळीयुक्त ‘ल’ आणि देठयुक्त ‘श’ ही वळणं ठरवून दिली. अनेक फाँटांत ही मराठी वळणं आत दडलेली असतात. पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी आहे अशी खूण केली की ती आपोआप दिसू लागतात. ही खूण बहुतेक साच्यांत इंग्रजीची राहून गेलेली असते. ती बदलली की आंधळ्या वाचकाला पान वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरसुद्धा मराठी आवाज निवडू शकतं. एका शब्दाच्या दुरुस्तीत दोन कामं.

शोधाचीही अशीच गंमत आहे. ‘वाऱ्यावर’मधला ‘ऱ्य’ संगणकात दोन तऱ्हांनी टाइप होतो. दिसायला सारखा, आत संकेतांक वेगळे. ‘ॲ’चंही तसंच. लेखात एक तऱ्हा आणि वाचकानं शोधात दुसरी वापरली, तर साइटचा साधा शोध ‘काही सापडलं नाही’ म्हणतो. लेख समोर असून सापडत नाही! एकच कळफलक धरून ठेवावा, आणि जुने लेख एकदा ‘शोधा व बदला’ करून एकसारखे करून घ्यावेत.

वापरसुलभतेचे अभ्यासक याकोब नीलसन यांनी १९९७ साली एक पाहणी मांडली. तिच्यात नवं पान १०० पैकी ७९ जण नुसतं चाळत होते. शब्दन्‌शब्द वाचणारे १६. ती पाहणी फोन हाती येण्याआधीची आहे, आणि आकडा त्यानंतर सुधारला असेल असं समजायला मला काही कारण दिसत नाही. त्यावरून हल्ली असा सल्ला देतात की परिच्छेद एका वाक्याचा करा, सगळं ठिपक्यांच्या यादीत घाला. हे मला पटत नाही. चाळणाऱ्याला थांबवायला चांगली उपशीर्षकं आणि पहिल्या दोन ओळींत विषय कळणं पुरतं. लेखाचे तुकडे केले तर मुद्दाम वाचायला आलेले ते सोळाजणही जातात.

बाकी अडगळ काढून टाकावी. किती लोक येऊन गेले त्याचा आकडा, सरकणारी पट्टी, आपोआप वाजणारं गाणं, लेख वाचायच्या आत डोक्यावर येणारी ‘सदस्य व्हा’ची चौकट. फाँटचं वजनही बघावं. जोडाक्षरांमुळे देवनागरी फाँटची फाइल जड असते. ‘मुक्त’मध्ये सात जाडी आहेत, आपल्याला दोन पुरतात, साती जोडल्या तर खेड्यातल्या नेटवर्कवर पान उघडेपर्यंत वाचक निघून जातो. आणि ती मजकूर कॉपी होऊ नये म्हणून लावलेली कुलपं! लेखकाचं नाव पुसून लेख व्हॉट्सॲपवर फिरवणारे आहेत, हे खरं. त्यांना कुलपानं काही फरक पडत नाही, ते फोटो काढतात. अडतो तो प्रामाणिक वाचक, ज्याला एखादा शब्द कोशात बघायचा असतो किंवा एक ओळ बहिणीला पाठवायची असते. त्यापेक्षा आपलं नाव आणि गाव लेखाच्या मजकुरातच कुठंतरी गुंफून टाकावं.

सगळ्यांत दुर्लक्षित गोष्ट अनुक्रमणिका. का. र. मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आपण अंक हातात घेतला की आधी अनुक्रमणिकेचं पान उघडतो. साइटवर मात्र ताजा लेख वर आणि बाकीचे तारखेच्या विहिरीत. हातानं एक पान करावं: विषयवार, प्रत्येक लेखापुढे एका ओळीत त्यात काय आहे ते. वाचक एका लेखावरून दुसऱ्यावर जातो, चार वर्षांपूर्वीचा लेख पुन्हा वाचला जातो, कुणाचं तरी पत्र येतं. ही यादी करताना लिहिणाऱ्यालाही कळतं की हळदीवर तीन लेख झाले पण ती साठवायच्या पेवांवर एकही नाही, आणि कुठल्याशा लेखाच्या शेवटी ‘त्याबद्दल पुढे कधीतरी’ म्हणून सोडलेलं अजून तसंच आहे. ‘सुचत नाही’ म्हणणाऱ्याला माझा पहिला सल्ला हाच असतो की नवा लेख राहू दे, आधी अनुक्रमणिका कर.

दिवाळीत घरी चार माणसं येतील. त्यांतल्या चष्मेवाल्या काकांच्या किंवा मावशींच्या फोनवर आपलं पान उघडून द्या आणि काही न सांगता बघा. कुठं थांबतात, कुठं पान ताणतात, कुठं कंटाळून फोन परत देतात, ते लिहून ठेवा. पाडव्यापर्यंत तेवढं दुरुस्त करा, आणि मग पुढच्या लेखाचा वार ठरवा.