सुया टोचून घ्या, पण इन्सुलिन सोडू नका



गेल्या पावसाळ्यात पंचवटीतल्या एका वस्तीत, विहारातले वर्षावासाचे ग्रंथवाचन संपल्यावर, आम्ही बायकांचा बीपी आणि शुगर तपासत बसलो होतो. रांगेत साठीच्या एक मावशी होत्या. पायाला फडके गुंडाळलेले. सोडून पाहिले तर अंगठ्याखाली जखम, कडा काळ्या पडलेल्या. शुगर तीनशेच्या वर. आम्ही विचारले, "मावशी, इन्सुलिन चालू आहे ना?"

"न्हाई ताई. दीड महिना झाला बंद करून. चायनीज सुयांच्या शिबिरात सांगितलं, सुयांनी शरीर आपलं आपण बरं होतं, बाकीच्या औषधांची गरज न्हाई. आन् खरंच, गुडघ्याला लई आराम पडला."

मावशी खोटे बोलत नव्हत्या. गुडघ्याला आराम पडला होता आणि त्याच वेळी पाय सडत चालला होता. जखम इतकी वाढूनही त्यांना दुखत नव्हते, कारण शुगरमुळे पायाच्या नसा बधिर झालेल्या. त्यांना रिक्षात घालून सरकारी रुग्णालयात नेले. एक बोट काढावे लागले, पाय वाचला.

तेव्हापासून वस्तीवस्तीत एकच प्रश्न येतो, "ताई, ते सुयांचं खरं असतं का?" याचे उत्तर एका शब्दात देता येत नाही. काही दुखण्यांना सुयांचा उपयोग होतो, पुष्कळ आजारांना होत नाही, आणि औषध सोडून सुया घेतल्या तर जीवावर बेततं. नीट समजून घेऊ.

अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे काय?

अ‍ॅक्युपंक्चर ही चीनमधली उपचारपद्धती. तिच्याबद्दलचे जुने चिनी ग्रंथ सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत. शरीरात 'ची' नावाची शक्ती ठरावीक मार्गांनी वाहते, ती अडली की आजार होतो, आणि त्या मार्गांवरच्या बिंदूंत बारीक सुई टोचली की ती मोकळी होते, असे हे शास्त्र मानते. जागतिक आरोग्य संघटनेने अशा ३६१ बिंदूंची नावे आणि क्रमांक ठरवून दिले आहेत, म्हणजे जगात कुठेही शिकले तरी बिंदू तोच.

नर्सिंगला आम्ही शरीररचना शिकलो. त्यात रक्तवाहिन्या, नसा, स्नायू सगळे दिसते. 'ची'चे मार्ग मात्र शरीर उघडून कोणाला सापडलेले नाहीत. मग आराम कसा पडतो? सुई स्नायूत शिरली की तिथल्या नसा जाग्या होतात, निरोप मणक्यातून मेंदूपर्यंत जातो आणि शरीर स्वतःचीच वेदना कमी करणारी रसायने सोडते. त्यांना एंडॉर्फिन म्हणतात. म्हणजे जुने कारण सिद्ध झाले नाही, पण दुखणे कमी होण्यामागे शरीराची खरी हालचाल आहे.

चीनमधून आपल्याकडे

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस आपल्याला माहीत आहेत. १९३८ साली जपानी आक्रमणाविरुद्ध लढणाऱ्या चीनच्या मदतीला भारतातून पाच डॉक्टरांचे पथक गेले, त्यात ते होते. जखमी सैनिकांची सेवा करता करता ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षी, ते तिथेच वारले. त्याच पथकातले कलकत्त्याचे डॉ. बिजय कुमार बसू परत आले. १९५० च्या दशकाच्या शेवटी ते पुन्हा चीनला गेले, अ‍ॅक्युपंक्चर शिकले आणि कलकत्त्यात त्यांनी हे उपचार सुरू केले. भारतात ही पद्धत रुजली ती त्यांच्यापासून. आज पंजाबात लुधियान्याला डॉ. कोटणीसांच्या नावाने अ‍ॅक्युपंक्चरचे रुग्णालय आहे.

चीनमध्ये ही पद्धत गावोगाव पोहोचण्याचे कारणही समजण्यासारखे आहे. खेड्यांत डॉक्टर नव्हते. १९६० च्या दशकात शेतकऱ्यांच्याच मुलामुलींना काही महिने शिकवून 'अनवाणी डॉक्टर' तयार केले गेले. त्यांच्या पेटीत सुया होत्या, तशाच लसी आणि साधी औषधेही होती. स्वच्छ पाणी, संडास, बाळंतपण हेही ते पाहत. नुसत्या सुयांवर चीनचे आरोग्य सुधारले नाही.

उपयोग कशाला होतो?

बुद्धांनी कालामांना सांगितले होते की ग्रंथात आहे म्हणून, परंपरा आहे म्हणून किंवा सांगणारा मोठा आहे म्हणून मानू नका, तपासून बघा. औषधाचेही तसेच आहे.

अशीच एक तपासणी जर्मनीत झाली. तिचा निकाल २००७ साली प्रसिद्ध झाला. जुनी कंबरदुखी असलेल्या ११६२ रुग्णांचे तीन गट केले. पहिल्या गटाला चिनी शास्त्रातल्या बिंदूंवर सुया टोचल्या. दुसऱ्या गटाला भलत्याच जागी, वरवर टोचल्या. तिसऱ्या गटाला नेहमीची औषधे आणि व्यायाम दिला. सहा महिन्यांनी पहिल्या गटात शंभरातल्या ४८ जणांना चांगला फरक होता, दुसऱ्यात ४४ जणांना आणि तिसऱ्यात २७ जणांना.

यातून दोन गोष्टी कळतात. सुया घेणाऱ्यांना नुसत्या औषध-व्यायामापेक्षा जास्त आराम पडला. पण सुई नेमक्या बिंदूवर टोचली काय आणि बाजूला टोचली काय, फारसा फरक पडला नाही. मग त्या आरामात अर्धा तास शांत पडून राहणे, कोणीतरी आपले दुखणे नीट ऐकून घेणे, अंगाला हात लावून तपासणे, बरे वाटेल ही आशा, या सगळ्याचा वाटा असणार. आमच्या बाजार समितीत भाजी निवडणाऱ्या, चार घरची धुणी-भांडी करणाऱ्या बायांना दिवसात अर्धा तास आडवे पडायला कधी मिळतो?

आजवरच्या अभ्यासांवरून ढोबळ चित्र असे आहे :

जुनी कंबरदुखी – काहींना फायदा होतो. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली कंबरदुखीच्या उपचारांत याचा समावेश केला आहे, पण व्यायामासारख्या इतर उपायांच्या सोबतीने.

अर्धशिशी आणि ताणाची डोकेदुखी – डोकेदुखीचे दिवस कमी होऊ शकतात. एका सुईने नाही, काही आठवडे बैठका घ्याव्या लागतात.

गुडघ्याची झीज – इथे जाणकारांतही मतभेद आहेत. जर्मनीत आरोग्य विमा यासाठी पैसे देतो. इंग्लंडच्या सरकारी मार्गदर्शक संस्थेने २०२२ साली, यासाठी अ‍ॅक्युपंक्चर देऊ नये, असे सांगितले. काहींना काही आठवडे आराम पडतो. झिजलेली गादी मात्र सुईने भरून येत नाही.

मळमळ आणि उलटी – ऑपरेशननंतरच्या मळमळीवर मनगटाच्या बिंदूचा उपयोग दिसला आहे. तो घरी दाबता येतो, ते पुढे सांगितले आहे.

उपयोग कशाला होत नाही?

शुगर, बीपी, टीबी, कॅन्सर, किडनीचा आजार, थायरॉईड, फिट येणे. यांपैकी कोणताही आजार सुयांनी बरा होत नाही. यांची गोळी किंवा इंजेक्शन सुयांच्या भरवशावर बंद करायचे नाही. टीबीची औषधे मध्येच सोडली तर जंतू औषधाला दाद देईनासा होतो.

लकव्याबद्दल वेगळे सांगतो. तोंड एकाएकी वाकडे झाले, एक हात लुळा पडला, बोलणे अडखळले, तर आधी सुया, तेल, जडीबुटी यांच्या मागे जाऊ नका. लगेच १०८ ला फोन करा. मेंदूतली गुठळी विरघळवणारे इंजेक्शन पहिल्या साडेचार तासांतच देता येते. तो वेळ गेला की परत येत नाही.

शुगर असलेल्यांचे पाय दुखतात, जळजळतात, मुंग्या येतात. बाबासाहेबांनाही मधुमेहाने आणि पायांच्या वेदनांनी शेवटची वर्षे फार छळले. हे दुखणे खरे आहे, पण त्याचे मूळ शुगरमध्ये आहे. ती आटोक्यात ठेवणे हाच पहिला उपाय.

चिनी जडीबुटी, तुंबडी आणि शेक

चिनी वनस्पतींतून जगाला एक मोठे औषध मिळाले आहे. मलेरियावर औषध शोधताना संशोधक तू यूयू यांनी जुने ग्रंथ चाळले. चौथ्या शतकातल्या एका ग्रंथात दवण्याच्या जातीची एक वनस्पती पाण्यात भिजवून पिळायला सांगितली होती, उकळायला नाही. त्यावरून त्यांनी कमी उष्णतेत अर्क काढला. त्यातून १९७२ साली आर्टेमिसिनिन मिळाले. २०१५ साली त्यांना नोबेल मिळाले. फाल्सिपेरम मलेरिया निघाला की आपल्या सरकारी दवाखान्यात ज्या गोळ्या देतात, त्या याच औषधापासून बनतात. परंपरेतले तपासून घेतले, म्हणून ते जगाच्या कामी आले.

न तपासलेल्या औषधाचे उदाहरणही आहे. १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला बेल्जियममध्ये वजन कमी करण्यासाठी चिनी वनस्पतींच्या गोळ्या घेणाऱ्या शंभराहून अधिक बायकांच्या किडन्या खराब झाल्या. गोळीत एक विषारी वनस्पती गेली होती. म्हणून पुडीवर नाव नाही, आत काय आहे ते लिहिलेले नाही, अशी पावडर कोणीही दिली तरी घेऊ नका. दोन दिवसांत सांधे एकदम मोकळे झाले तर त्यात स्टिरॉइड मिसळलेले असू शकते.

चिनी 'कपिंग' म्हणजे आपल्याकडची तुंबडीच. दुखऱ्या जागी पेला लावून कातडी ओढून धरतात. त्याने स्नायूंना तात्पुरते मोकळे वाटते, डाग आठवडाभर राहतात. कातडीला चिरा देऊन रक्त काढायचे म्हटले तर नको म्हणा. धुमसत्या वनस्पतीची कांडी जवळ धरून शेक देण्याचीही एक पद्धत आहे. शुगर असलेल्यांनी बधिर पायाला असा शेक अजिबात घेऊ नये. भाजलेले कळत नाही.

सुई टोचून घेण्याआधी

अ‍ॅक्युपंक्चरसाठी आपल्या राज्याचा २०१५ चा स्वतंत्र कायदा आहे. त्यात परिषद आणि उपचार करणाऱ्यांच्या नोंदणीची तरतूद आहे. केंद्र सरकारनेही २०१९ साली या पद्धतीला मान्यता दिली. म्हणून विचारायला लाजू नका. हे वाचून विहाराच्या फळ्यावर लावा :

१. "तुमचा नोंदणी क्रमांक काय?" खरा असेल तो सांगेल. रागावेल त्याच्याकडून उठून या.

२. सुई तुमच्यासमोर बंद पाकिटातून काढायला सांगा. एक सुई एकाच माणसाला, एकदाच. वापरलेल्या सुईतून कावीळ 'बी' आणि 'सी', तसेच एचआयव्ही पसरू शकतो. उकळून घेतली आहे, स्पिरिटने पुसली आहे, हे चालणार नाही.

३. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, पोटात बाळ असेल, हृदयात पेसमेकर असेल, शुगरने पाय बधिर असतील तर आधी सांगा.

४. छातीवर आणि खांद्याच्या वरच्या भागात सुई खोल गेली तर फुफ्फुसाला भोक पडू शकते. असे क्वचित होते, पण सुयांनंतर दम लागला, छातीत दुखले तर थेट दवाखाना गाठा.

५. उपाशीपोटी जाऊ नका, चक्कर येते.

६. "सगळे आजार बरे करतो", "बाकीची औषधे बंद करा", "वीस बैठकांचे पैसे आधी भरा" असे कोणी म्हटले तर तिथे थांबू नका. पाच-सहा बैठकांत काहीच फरक नसेल तर पुढचे पैसे आणि कामावरचे खाडे वाचवा.

घरी करण्यासारखे

मळमळत असेल तर मनगटाच्या आतल्या घडीपासून कोपराच्या दिशेने तीन बोटे मोजा. तिथे मधोमध दोन दोरीसारख्या शिरा लागतात. त्यांच्यामधली जागा अंगठ्याने दोन-तीन मिनिटे दाबा. सुई नाही, पैसा नाही.

गुडघ्यांसाठी खुर्चीत बसून एक पाय सरळ करा, पाच आकडे मोजेपर्यंत धरा, खाली ठेवा. प्रत्येक पायाला दहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. मांडीचा स्नायू बळकट झाला की गुडघ्यावरचा भार हलका होतो. हा व्यायाम महिनाभर नेमाने करा.

आणि तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने वर्षातून एकदा बीपी-शुगर तपासून घ्या. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. पंचवटीत महापालिकेचे इंदिरा गांधी रुग्णालय आपल्याला जवळ आहे.

त्या मावशी आता बऱ्या आहेत. त्रिरश्मी लेणीच्या पायऱ्या चढायच्या आहेत म्हणतात, म्हणून गुडघ्याचा व्यायाम चालू आहे. मध्यंतरी विचारत होत्या, "ताई, गुडघ्याला पुन्हा सुया घेऊ का?" आम्ही म्हटले, "घ्या मावशी. नोंदणी बघा, पाकीट तुमच्यासमोर फोडायला लावा, आणि पायाला सुई नको हे आधीच सांगा. पण सकाळचे इन्सुलिन घेतल्याशिवाय घराबाहेर पडू नका."