बरकत विणलेली उशी

स्पेनमध्ये बुर्गोस येथील लास उएल्गास मठात राजपुत्र फर्नांदो दे ला सेर्दा याची कबर आहे. तो १२७५ साली वारला. त्याच्या कबरीत एक रेशमी उशी सापडली, ती हाताने सुयांवर विणलेली. एका इंचात सुमारे वीस टाके, इतकी बारीक! तिच्यावर राजघराण्याची चिन्हे आहेत आणि कूफी लिपीत एक अरबी शब्द आहे, ‘बरका’, म्हणजे आपली बरकत. ख्रिस्ती राजघराण्यासाठी काम करणाऱ्या मुस्लिम कारागिरांच्या हातचे ते काम मानले जाते. त्याच सुमाराचे आणि त्याआधीचेही, निळ्या-पांढऱ्या सुतात विणलेले मोजे इजिप्तमध्ये सापडले आहेत. त्यांवरही कूफी वळणाच्या अक्षरांचे पट्टे आहेत. लोकर-सुया म्हणजे मेमसाहेबांची कला, असे समजणाऱ्या भगिनींनी हे जरूर लक्षात घ्यावे.

आणि आपण काय विणतो? मुलगा झाला तर आकाशी, मुलगी झाली तर गुलाबी, बाळ यायचे असेल तर लिंबू रंग. नानी-दादीसाठी राखाडी. त्याच घरात ईदला हिरव्या बांगड्या, जांभळा दुपट्टा, बिर्याणीत केशरी भात! रंगांचे आपल्याला वावडे नाही, पण सुया हातात आल्या की उसवावे लागेल या धास्तीने हात आखडतो. इद्दतची गोष्ट वेगळी. एरवी पन्नाशीनंतर बाईने फिकेच घालावे, हा नियम दीनचा नाही, शेजारणींचा आहे.

केफ फॅसेट हा अमेरिकेत जन्मलेला, इंग्लंडमध्ये स्थायिक झालेला चित्रकार. १९६०च्या दशकात तो स्कॉटलंडला गेला, तिथल्या लोकरीचे रंग पाहून हरखला आणि वीस रंगांची लोकर घेऊन आला. विणता येत नव्हते. परतीच्या आगगाडीत एका सहप्रवासी बाईने त्याला शिकवले. पुढे १९८८ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात त्याच्या कामाचे प्रदर्शन भरले. त्याच्या विणीत अवघड टाके जवळजवळ नसतातच. साधे सुलट-उलट, सगळी करामत रंगांची.

ही करामत समजायला सोपी आहे. शेटलंड बेटांकडच्या फेअर आयल स्वेटरात आठ-दहा रंग दिसतात, पण कोणतीही एक ओळ पाहा, धागे दोनच. एक जमिनीचा, एक नक्षीचा. दोन-चार ओळींनंतर कधी जमीन बदलायची, कधी नक्षी. दोन्ही एकदम नाही. त्यामुळे रंग एकमेकांत सरकत जातात.

रंग निवडताना नावापेक्षा गडद-फिकेपणा पाहावा. लाल आणि हिरवा डोळ्यांना अगदी विरुद्ध वाटतात, पण दोन्ही सारखेच गडद असतील तर नक्षी बुडून जाते. मोबाइलवर गुंड्यांचा कृष्णधवल फोटो काढा, लगेच कळेल. माझ्या मते एक तरी ‘न शोभणारा’ रंग हवाच, मोहरी किंवा शेवाळी. त्याच्या शेजारी बाकीचे उजळतात.

यासाठी नवी लोकर आणू नका. जुन्या स्वेटरांतून उरलेले गुंडे प्रत्येक घरी असतात. जाडी सारखी असली की झाले. लाल, मरून, गडद निळ्या लोकरीचा तुकडा आधी ओल्या पांढऱ्या फडक्यात दाबून ठेवावा. रंग सुटला तर तो पांढऱ्याशेजारी नको. सुरुवात टोपीने करावी, आठवडाभरात होते. जो धागा वापरात नसतो तो मागून जातो. तो ओढून धरला तर वीण आखडते, टोपी डोक्यात जात नाही. चार-पाच टाक्यांहून लांब मोकळा सोडला तर लहान मुलांची बोटे त्यात अडकतात. तेव्हा मध्येच चालू धाग्याशी त्याला एक पीळ द्यावा.