पगारपत्रकातली रोजगार हमी

महाराष्ट्रातल्या बहुतेक नोकरदारांच्या पगारातून दरमहा 200 रुपये आणि फेब्रुवारीत 300 रुपये व्यवसाय कर म्हणून कापले जातात. वर्षाचे होतात 2,500. आयकर आणि भविष्यनिर्वाह निधीच्या आकड्यांपुढे ही रक्कम इतकी किरकोळ दिसते की तिची चौकशी सहसा कुणी करत नाही. हा कर 1975 मध्ये लागू झाला तो मात्र एका ठरलेल्या कामासाठी. शहरात ज्याची मिळकत स्थिर आहे त्याने खेड्यात काम मागणाऱ्या मजुराच्या मजुरीचा वाटा उचलावा, हा त्यामागचा हेतू होता. देशाच्या दूर पल्ल्याच्या विकासाला नागरिकांनी आणि उद्योगांनी हातभार लावावा, हे आवाहन आपण वर्षानुवर्षे ऐकतो. तो हातभार लावायचा कसा, याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राने स्वतःच करून पाहिला आहे. त्या प्रयोगावरून मला असे दिसते की असा हातभार केवळ उदारपणावर टिकत नाही. देणे लहान पण बंधनकारक असावे लागते, त्याचा उपयोग आधीच ठरलेला असावा लागतो आणि दुसऱ्या टोकाला कुणाचा तरी कायदेशीर हक्क उभा असावा लागतो. यातली एक गोष्ट सुटली की बाकीच्या दोन्ही ढिल्या पडतात.

स्वेच्छेने दिलेल्या पैशाची परंपरा आपल्याकडे क्षीण होती असे मुळीच नाही. अंताजी दामोदर काळे यांनी दर माणशी वर्षाला एक पैसा गोळा करण्याची कल्पना मांडली, टिळकांनी तिला बळ दिले आणि त्या पैसा फंडातून 1908 मध्ये तळेगावला काचेचा कारखाना उभा राहिला. परदेशात काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय तिथे होते, आणि तळेगावात शिकून तयार झालेले कारागीर पुढे देशातल्या इतर काचकारखान्यांत गेले. पैशापैशाने उद्योग उभा राहतो हे त्या काळाने दाखवून दिले. पण अशा वर्गणीला स्वदेशीसारख्या चळवळीची ऊब लागते. चळवळ थंडावली की दारोदार फिरणारे स्वयंसेवक आणि डब्यात पडणारे पैसे, दोन्ही कमी होतात. कारखाना एकदा उभारून होतो. दरवर्षी लाखो माणसांना काम पुरवणे ही एकदा करून संपणारी गोष्ट नव्हे, आणि तिला लागणारा पैसाही दरवर्षी यावा लागतो.

ती गरज 1970 ते 1973 च्या दुष्काळाने उघडी केली. लागोपाठ पिके बुडाली आणि 1973 च्या उन्हाळ्यात सुमारे 50 लाख माणसे दुष्काळी कामांवर होती. खडी फोडणे, नालाबांध, पाझर तलाव, रस्ते अशी ती कामे. मजुरी हातात आली म्हणून लोक बाजारातून धान्य घेऊ शकले, आणि इतक्या भीषण टंचाईतही मोठ्या प्रमाणावरचे भूकबळी टळले. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांच्या डोक्यात या कामांचे बीज त्याआधीच रुजले होते. सांगली जिल्ह्यातल्या तासगाव तालुक्यात, विसापूर भागात, 1965 पासून तसा प्रयोगही चालू होता. काम हा दुष्काळापुरता दिलासा न राहता कायमचा हक्क व्हावा, हा पाग्यांचा आग्रह. त्याच सुमारास, 1971 मध्ये, पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतून वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी भारतातल्या दारिद्र्याचा हिशेब मांडला होता. ग्रामीण भागात रोजगाराची कामे काढावीत आणि त्यासाठी वरच्या थरातल्या लोकांनी आपला उपभोग थोडा आवरावा, असे त्यांनी सुचवले होते. काम मागणारा कोण आणि त्याचा खर्च सोसणारा कोण, हे दोन प्रश्न एका वाक्यात मांडायची ती हिंमत मला आजही मोलाची वाटते, कारण विकासाच्या बहुतेक आराखड्यांत दुसरा प्रश्न शेवटच्या पानापर्यंत येतच नाही.

महाराष्ट्राने त्याचे उत्तर कायद्यात लिहिले. 1 एप्रिल 1975 पासून व्यवसाय कर सुरू झाला. त्याच्या जोडीला मोटार वाहने, विक्रीकर, बागायती जमीन, शहरांतल्या अनिवासी इमारती यांवरही जादा आकारणी झाली. या करांतून जेवढी रक्कम येईल तेवढीच शासनाने आपल्याकडून घालायची, असा नियम होता. म्हणजे नागरिकाच्या एका रुपयाने सरकारचा दुसरा रुपया बांधून घेतला होता. उद्योगांचा वाटाही यात दुहेरी होता. मालक स्वतःचा कर भरत होताच, शिवाय कामगारांच्या पगारातून कापलेली रक्कम तिजोरीत पोचवण्याची जबाबदारी त्याच्यावर होती. गिरण्यांपासून लहान दुकानांपर्यंत सगळ्यांच्या हिशेबनिसांनी हे काम इतक्या मुकाट्याने केले की त्याची दखल विकासाच्या इतिहासात कुणी घेतली नाही. शहरी वर्गाने हे निव्वळ परोपकाराने मान्य केले, असेही मानायचे कारण नाही. दुष्काळात खेडे रिकामे झाले तर त्याचा लोंढा मुंबई-पुण्याकडे येतो, हे सगळ्यांना दिसत होते. देणाऱ्याचाही त्यात स्वार्थ होता, आणि म्हणूनच ते देणे इतकी वर्षे टिकले.

दुसऱ्या टोकाचा हक्क 1977 च्या रोजगार हमी अधिनियमाने दिला, आणि 26 जानेवारी 1979 पासून तो अमलात आला. ग्रामीण भागातल्या प्रौढ माणसाने काम मागितले तर 15 दिवसांत ते मिळाले पाहिजे, नाहीतर बेकारी भत्ता. खर्चातला किमान 60 टक्के भाग अकुशल मजुरीवर. दिवसांची मर्यादा नाही. ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा मजुरांच्या तोंडी बसली, कारण तिच्यामागे कलम होते. स्त्रियांची संख्या या कामांवर मोठी होती. पुरुषाइतकीच मजुरी, गावाजवळ काम आणि हजेरीपटावर स्वतःचे नाव या गोष्टी शेतमजूर बाईला इतरत्र सहसा मिळत नव्हत्या. हक्क असल्यामुळे मोर्चेही निघाले. तहसील कचेरीवर जाऊन काम मागणारी टोळी याचना करत नव्हती, ती कायद्याची अंमलबजावणी मागत होती. देशाने 2005 मध्ये राष्ट्रीय रोजगार हमीचा कायदा केला तेव्हा त्याच्यासमोर महाराष्ट्राचा हाच अनुभव होता.

यावरचा सर्वात गंभीर आक्षेप असा की शहरातल्या पैशातून आणि मजुरांच्या घामातून तयार झालेली मालमत्ता अखेर जमीनवाल्यांच्या पदरात पडली. पाझर तलावाखालच्या विहिरींना पाणी वाढले, पण भूमिहीनाला विहीरच नव्हती. रोनाल्ड हेरिंग आणि रेक्स एडवर्ड्स यांनी 1983 मध्ये महाराष्ट्राच्या अभ्यासातून हेच सांगितले होते, आणि ते खोटे नाही. मात्र त्यावरून योजनाच फसली असे म्हणता येत नाही. मजुराला मजुरी मिळाली हा पहिला लाभ, आणि त्या आधारामुळे गावातल्या मालकाशी मजुरीची घासाघीस करायचे बळ आले हा दुसरा. शिवाय कामांची निवड बदलता येते हे 1990 नंतर दिसलेच. रोजगार हमीतून फळबाग लागवड सुरू झाली, लहान शेतकऱ्याला स्वतःच्याच जमिनीवर राबण्याची मजुरी मिळू लागली. कोकणात आंबा-काजू, सोलापूरकडे डाळिंब, कोरडवाहू माळांवर बोर आणि सीताफळ उभे राहिले. हजेरीपटावरची खोटी नावे आणि पहिल्या पावसात वाहून गेलेले रस्ते हेही खरेच. त्यांचे उत्तर उघड्या हिशेबात आणि गावासमोरच्या तपासणीत आहे. हमीच गुंडाळली तर भ्रष्टाचाराची शिक्षा मजूर भोगतो.

मला त्याहून जास्त अस्वस्थ करते ती दुसरी घसरण. 1988 मध्ये रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाशी जोडली गेली आणि जवळजवळ दुप्पट झाली. ते न्याय्यच होते. पण त्यानंतर कामे मागणीप्रमाणे निघेनाशी झाली, आणि अर्थतज्ज्ञ मार्टिन रॅव्हॅलियन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1993 च्या अभ्यासात दाखवले की हमी प्रत्यक्षात हात राखून दिली जात होती. गंमत नव्हे, खेदाची बाब ही की कर मात्र वाढत गेला. शहरे वाढली, नोकरदार वाढले, व्यवसाय कराचे उत्पन्न फुगले आणि योजनेवरचा खर्च त्या प्रमाणात वाढला नाही. शासनाचा बरोबरीचा हिस्सा नियमाप्रमाणे न घातल्याबद्दल महालेखापरीक्षकांनीही बोट ठेवले. 2006 पासून केंद्राने अकुशल मजुरीचा भार उचलला तेव्हा तर कर आणि काम यांचा धागा जवळपास तुटलाच. कर भरणाऱ्याला तो कशासाठी भरतो हे आठवत नव्हते, म्हणून जाब विचारणारेही कुणी उरले नाही.

कुणी म्हणेल की कर भरणे हा सहभागच नव्हे, आणि उद्योगांनी सामाजिक उत्तरदायित्वाच्या खर्चातून थेट काम करणे बरे. 2013 च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याचे 2 टक्के अशा कामांसाठी द्यायला लावले आहेत. त्यातून चांगल्या शाळा, दवाखाने, पाणलोटाची कामे झाली आहेत आणि ती व्हावीत. पण तिथे काय करायचे आणि कुठे करायचे हे कंपनीचे संचालक मंडळ ठरवते, आणि कारखान्याच्या आसपासच्या भागाला प्राधान्य देण्याची सूचना कायद्यातच आहे. कारखाना नसलेल्या तालुक्यातल्या माणसाला त्या पैशावर काहीही मागता येत नाही. रोजगार हमीत नंदुरबार किंवा गडचिरोलीतला मजूर मुंबईच्या करावर कायद्याने हक्क सांगू शकत होता. नागरिकत्वाचे नाते याहून ठळकपणे मांडणारी दुसरी रचना मला माहीत नाही.

म्हणून या कराकडे पुन्हा पाहायला हवे. संविधानाच्या अनुच्छेद 276 मध्ये त्याची कमाल मर्यादा 1988 च्या साठाव्या दुरुस्तीने वर्षाला 250 रुपयांवरून 2,500 रुपये झाली आणि तेव्हापासून ती तिथेच आहे. परिणामी महिन्याला 11 हजार मिळवणारा पुरुष आणि 11 लाख मिळवणारा अधिकारी सारखाच कर भरतात. मर्यादा संसदेने उत्पन्नाच्या प्रमाणात वाढवावी, आणि लहान पगारावरची आकारणी राज्याने त्याच वेळी काढून टाकावी. मर्यादा वाढण्याची वाट न पाहता राज्याला दोन गोष्टी उद्याही करता येतील. दरवर्षी व्यवसाय कर किती आला, त्यातला किती रोजगार हमीवर गेला आणि शासनाने बरोबरीचा हिस्सा किती घातला, हा तालुकावार हिशेब अर्थसंकल्पाबरोबर छापावा. आणि पगारपत्रकात ‘व्यवसाय कर’ या शब्दांपुढे ‘ग्रामीण रोजगार हमीसाठी’ एवढे लिहिणे प्रत्येक आस्थापनेला बंधनकारक करावे.