पेडणे-डिचोलीचे पान

गोव्याचे जेवण म्हटले की परमुलखातील उपाहारगृहांना विंदालू आणि बेबिंका एवढेच आठवते. परंतु पेडणे, डिचोली व सत्तरी हे महाल अठराव्या शतकाच्या अखेरीस सावंतवाडीकर भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे गेले. या ‘नव्या काबिजादीं’तील स्वयंपाकघराचे नाते म्हणूनच कोकणाशी अधिक राहिले. उकड्या तांदळाचा भात, तिरफळ घातलेले बांगड्यांचे हुमण, मुगागाठी, खतखते, पावसाळ्यात टाकळ्याची भाजी आणि शेवटी सोलकढी, हे पान आजवर घरात किंवा फार तर खानावळीत वाढले जाई.

५ जानेवारी २०२३ पासून मोपाच्या विमानतळावरून वाहतूक सुरू झाली आणि पाहुणा थेट पेडण्यात उतरू लागला. त्यातच मोठ्या हॉटेलांचा ओढा आता स्थानिक, ऋतुमानाप्रमाणे मिळणाऱ्या जिनसांकडे वळत आहे. हरमलच्या मिरचीला २०२१ मध्ये भौगोलिक मानांकनही लाभले. उद्याच्या पदार्थपत्रिकेवर ही नावे झळकली तर नवल नाही.

प्रश्न आहे तो वाढती मागणी झेपण्याचा. वारुळावरची अळंबी शेतात पिकवता येत नाही; रानाने दिली तरच मिळते. शेते राखली नाहीत, तर मिरचीचेही नुसते नाव उरेल. म्हणून हॉटेलवाल्यांनी हंगाम पाळावा आणि गावच्या शेतकऱ्याला रास्त भाव द्यावा. गोव्यास जाणाऱ्या आपल्या कुटुंबांनीही पत्रिका मागण्याआधी, आज बाजारात काय आले आहे, हे विचारावे. त्या एका प्रश्नाने पुष्कळ साधेल.