लोणार परिसरातील पाणीवाटप : हक्क, अग्रक्रम आणि सरोवर

प्रस्तावना

बुलढाणा जिल्ह्यात पूर्णा नावाच्या दोन नद्या आहेत. उत्तरेकडील पूर्णा तापीला मिळते, तर दक्षिणेकडील, जिला स्थानिक लोक खडकपूर्णा म्हणतात, ती गोदावरीला मिळते. नावाचे साम्य बाहेरच्या वाचकाला गोंधळात टाकते, परंतु पाण्याच्या हिशेबात या दोन नद्या दोन वेगळ्या खोऱ्यांच्या आहेत. लोणार तालुका गोदावरी खोऱ्यात मोडतो. या तालुक्यातील पाणी पिण्यासाठी किती, शेतीसाठी किती, उद्योगासाठी किती आणि निसर्गासाठी किती, हे कोण व कोणत्या आधारावर ठरवितो, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

कायद्याची चौकट

महाराष्ट्रात पाण्याची मालकी व्यक्तीकडे नसते. तिला मिळतो तो वापराचा हक्क. ही कल्पना महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ ने स्पष्टपणे मांडली. विविध वापरांमध्ये पाण्याचे वाटप कसे करावे, हे ठरविण्याचे काम या कायद्याने आरंभी प्राधिकरणाकडे सोपविले होते. मात्र विदर्भातील ऊर्ध्व वर्धा प्रकल्पाचे पाणी औष्णिक वीजप्रकल्पाकडे वळविण्यावरून वाद उद्भवला आणि २०११ च्या दुरुस्तीने क्षेत्रनिहाय वाटपाचा निर्णय राज्य शासनाकडे गेला. ही दुरुस्ती केवळ प्रशासकीय मानता येणार नाही. स्वतंत्र, अर्धन्यायिक संस्थेपुढे शेतकऱ्याला दाद मागता येते. मंत्रिमंडळाच्या निर्णयापुढे त्याचा आवाज त्याच्या राजकीय बळाइतकाच पोहोचतो.

अग्रक्रमाचा इतिहासही बोलका आहे. २००३ च्या राज्य जलनीतीत घरगुती वापरानंतर उद्योग आणि त्यानंतर शेती असा क्रम होता. राष्ट्रीय जलनीतीत (२००२) मात्र पिण्याच्या पाण्यानंतर सिंचनाला स्थान होते. राज्याने २०११ मध्ये आपला क्रम बदलून शेतीला उद्योगाच्या पुढे आणले. पर्यावरणाचे स्थान २००३ च्या यादीत शेतीच्याही खाली होते. सिंचनाचा अनुशेष ज्या जिल्ह्यांत दीर्घकाळ रेंगाळला त्यांत बुलढाण्याचा समावेश होतो. अमरावती, अकोला व वाशीम हे त्याचे सोबती. अनुशेष असलेल्या प्रदेशात हक्काची भाषा पुष्कळदा धरणात नसलेल्या पाण्याविषयीच बोलत राहते.

देऊळगाव राजा तालुक्यातील खडकपूर्णा प्रकल्प (संत चोखासागर) आणि त्याच्या खाली मराठवाड्यातील येलदरी धरण एकाच नदीवर आहेत. वरच्या व खालच्या धरणांनी टंचाईचा भार समन्यायाने वाटून घ्यावा, हे तत्त्व २००५ च्या कायद्यातच आहे. जायकवाडीबाबत प्राधिकरणाने २०१४ मध्ये दिलेला आदेश त्यावरच आधारलेला होता. परंतु हे सर्व वाटप धरणात साठलेल्या, मोजता येणाऱ्या पाण्याचे आहे.

विहीर, झरा आणि सरोवर

धरणाच्या लाभक्षेत्राबाहेरील शेतकरी विहीर व बोअरवेलवर जगतो. जमीन ज्याची, तिच्याखालचे पाणीही त्याचे, ही इंग्रज अमदानीतील धारणा अद्याप लोकमानसातून गेलेली नाही. १९९३ च्या भूजल अधिनियमाने सार्वजनिक पेयजल स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदण्यास मनाई केली. त्याची जागा घेणारा २००९ चा अधिनियम २०१४ पासून लागू झाला व राज्य भूजल प्राधिकरणाचे काम जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाकडेच आले. तरी बोअरवेलमधून उपसलेले पाणी मोजणार कोण, हा प्रश्न कागदावरून शिवारात उतरताच अनुत्तरित राहतो.

लोणारमध्ये या प्रश्नाला एक वेगळी बाजू आहे. उल्कापाताने बेसॉल्ट खडकात निर्माण झालेल्या, सुमारे १.८ किलोमीटर व्यासाच्या या विवरातील पाणी खारे व अल्कधर्मी आहे. ते पिण्यास वा सिंचनास उपयोगी नाही. विवराच्या कडेवर मात्र गोड्या पाण्याचे झरे आहेत व त्यांपैकी ‘धार’ सर्वपरिचित आहे. खडकाच्या सच्छिद्र व भेगाळ थरांतून झिरपणारे पाणी, विवराच्या उतारावर तो थर उघडा पडतो तेथे बाहेर येते. म्हणजे काठावरच्या पठारावरील उपसा आणि झऱ्याचा प्रवाह हे एकाच खात्यातील खर्च होत. यात्रेकरू, ग्रामस्थ, पूर्वी विवरात पिके घेणारे शेतकरी आणि सरोवर या सर्वांचा वाटा याच खात्यातून जातो.

‘पर्यावरणासाठी पाणी राखून ठेवणे’ याचा अर्थ नदीच्या बाबतीत किमान प्रवाह असा होतो. लोणार सरोवराला तो लागू पडत नाही. येथील सूक्ष्मजीवसृष्टी क्षारतेवर अवलंबून आहे. जून २०२० मध्ये पाणी घटून क्षारता वाढली, तेव्हा क्षारप्रेमी सूक्ष्मजीवांमुळे सरोवर गुलाबी झाले. उलट अलीकडच्या वर्षांत पातळी वाढून काठचे कमळजा देवीचे मंदिर पाण्याच्या विळख्यात आले. गोडे पाणी अधिक आले तर क्षारता उतरते आणि शहराचे सांडपाणी आले तर पोषकद्रव्ये वाढतात. सरोवराचा हक्क किती पाणी याचा नसून कोणते पाणी, किती प्रमाणात आणि कोणत्या ऋतूत याचा आहे. २०२० मध्ये सरोवराला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला. या दर्जाने जपणुकीचे दायित्व आले, परंतु वाटपाच्या तक्त्यात सरोवराच्या नावाने स्वतंत्र रकाना आला नाही. तो रकाना भरावयाचा तर आधी झऱ्यांचा प्रवाह ऋतुनिहाय मोजावा लागेल, पठारावरील बोअरवेलची नोंद त्या मोजणीशी जोडावी लागेल आणि सांडपाण्याचा प्रत्येक नाला विवराच्या पाणलोटाबाहेर वळवावा लागेल. आणि ही कामे आज वन, पुरातत्त्व, जलसंपदा व नगर परिषद अशा वेगवेगळ्या दप्तरांत विभागलेली आहेत.